लागू न पडलेलं औषध

वसंता शेवटचा भेटला तो हॉस्पिटलात, चष्मा लावून स्वतःचा रिपोर्ट वाचताना. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. कागदावर अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी आणि जवळपास प्रत्येकापुढे एकच शेरा, उपयोग नाही. "यातली निम्मी मी कोंबड्यांना पाजलीत रे," तो म्हणाला. मी सवयीने बोलून गेलो, "मग आता त्यांनाच विचार, काय घेऊ ते." तो हसला... ते वाक्य आठवलं की आजही स्वतःचा संताप येतो. सहाव्या दिवशी तो गेला.

वसंता पशुवैद्य. वारज्याहून रोज स्कूटरवर लोणी काळभोरकडच्या पोल्ट्र्यांवर जायचा. आमची मैत्री कॉलेजपासूनची, त्यामुळे शाळेला सुट्टी असली की मीही मागे बसायचो. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरत. भुशावर पिल्लांची इतकी दाटी, की एक आजारी पडलं की अख्खी शेड आडवी. म्हणून पिल्लं धडधाकट असतानाच तो पाण्यातून औषध द्यायला लावी. "आजारी नसताना कशाला?" मी एकदा विचारलं. "मास्तर, रविवारी पुण्याला चिकन हवं ना? मग गप्प बसा." मी गप्प बसलो. रविवारच्या रांगेत मीही असायचोच की!

औषधांना सरावलेला हा जंतू शेडमधूनच आला असं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वसंताने मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी मी हॉस्पिटलातून निघालो तेव्हा त्याने माझा हात धरला. "पोल्ट्रीवाल्यांना सांग, पिल्लू आजारी नसेल तर देऊ नका. माझं ऐकतात ते..."

गेल्या आठवड्यात गेलो. त्याच्या सर्वांत जुन्या पोल्ट्रीच्या मालकीण सुमनताई मला बघून रडल्याच. मी सगळं सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं. "खरं हाय, गुरुजी," म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या. पाण्याच्या टाकीवर, भिंतीला, वसंताच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी काचेत बसवलेली. 'औषध पहिले पाच दिवस, सगळ्या पिल्लांना.' वर झेंडूचा ताजा हार.

"ही काढा ना आता," मी म्हणालो.

"डॉक्टरांच्या हातचं येवढंच ऱ्हायलंय आमच्याकडं," पदराने काच पुसत त्या म्हणाल्या. "ते कसं काढायचं?"

मी हात जोडले. खाली कालच आलेली पिल्लं माना वर करकरून पाणी पीत होती.