मावशींनी न दिलेला राजीनामा

दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायला दोघी लागतात. एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला जाऊबाई, अशी सोळा वर्षं गेली. नात्याने त्या एकमेकींच्या कुणीच नव्हत्या. पण रोज भांडायच्या आणि रोज एकाच डब्यात जेवायच्या, म्हणून कुणीतरी धाकटीला जाऊबाई म्हणालं आणि तेच नाव चिकटलं.

मावशींच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज सुपरवायझरच्या हातात दिला. त्याने तो न वाचताच खणात टाकला आणि या जाऊन म्हणाला. नवव्या दिवशी मावशी कामावर आल्या, तर हजेरीपटावर त्यांच्या नावावर लाल रेघ. न सांगता गैरहजर राहिल्या म्हणून काढून टाकलं होतं. अर्ज दिल्याचं त्यांनी सांगितलं, तर सुपरवायझरने कानावर हात ठेवले. वर राजीनाम्याचा टाईप केलेला कागद पुढे सरकवला. सही केली तर दाखला चांगला देऊ म्हणाला.

मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी अक्षर लावत कागद वाचला आणि ‘स्वखुशीने’ या शब्दावर बोट ठेवलं.

“साहेब, मी खुशीत नाही,” एवढं म्हणून त्यांनी कागद परत केला.

घरी नवऱ्याला इतक्यात काही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण भर दुपारी दारात उभी बायको पाहून तो काय ते समजला. माझ्यापायी तुझं काम गेलं, असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मावशी त्याच्या उशाशी बसल्या.

“तुमच्यापायी नाही हो. त्याच्या खोटेपणापायी गेलं.”

दुसऱ्या दिवशी त्यानेच, टाके सांभाळत, आपल्या वळणदार अक्षरात तक्रार लिहून दिली.

कामगार कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी ती शांतपणे वाचली. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला नोटीस न देता, त्याची बाजू न ऐकता असं काढता येत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि दोन्ही बाजूंना बोलावणं धाडलं. मग विचारलं, अर्ज देताना कुणी पाहिलं होतं का?

अर्ज दिला तेव्हा जाऊबाई शेजारीच उभी होती. पण दोन मुलींचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. तिच्या पोटावर पाय यायला नको म्हणून मावशी म्हणाल्या, कुणी नव्हतं.

सुनावणीला दवाखान्याचे व्यवस्थापक आणि सुपरवायझर येऊन बसले. इतक्यात दार ढकलून जाऊबाई आत आली, धापा टाकत, अंगावर कामाचा एप्रन तसाच.

“तू कशाला आलीस? जा परत,” मावशी कुजबुजल्या.

“मला का नाही विचारलंस, ते भांडण नंतर. आधी बाईंशी बोलू दे.”

कोणता वार, किती वाजता, कोणता खण, सगळं तिने सांगितलं. सुपरवायझर आधी हसला, मग अर्ज कदाचित मागे पडला असेल म्हणाला. व्यवस्थापकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याच बैठकीत लिहून झालं: मावशींना कामावर परत घ्यायचं, नोकरीत खंड धरायचा नाही.

जिन्यात जाऊबाईने भांडण काढलंच. मला परकी समजलीस, म्हणाली. एरवी एकाला चार ऐकवणाऱ्या मावशींनी तिचा हात घट्ट धरला आणि तसाच धरून दोघी खाली उतरल्या.

तेव्हापासून लॉन्ड्रीत प्रत्येक जण अर्जाच्या दोन प्रती काढतो आणि एकीवर पोच घेतो. सुपरवायझर वर्षभर जाऊबाईशी बोलला नाही. “बरंच झालं,” ती म्हणायची, “तेवढीच कानांना विश्रांती.”