गिरिजक्का आणि दोन शेपट्यांची वायर

गिरिजक्का सोयीप्रमाणे बहिऱ्या होत असत. गणपतीची वर्गणी मागायला कोणी आलं की ठार बहिऱ्या, पण शेजारच्या घरात कुकरची चौथी शिट्टी झाली की भिंतीपलीकडून ओरडायच्या, "डाळ लागली की गं!" एकदा मुलाने जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान तपासून सांगितलं, की काही दोष नाही. गिरिजक्का पुढे झुकून म्हणाल्या, "काय म्हणलात?"

हुबळीत आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो तेव्हा मी कॉलेजात होते. मला चारचौघांत बोलायला जमत नसे. भाजीवाल्यालासुद्धा मी बोट दाखवून भाजी मागायची. अक्का जिन्यात भेटल्या की मी हसून वर पळायची आणि त्या मागून म्हणायच्या, "पळ, पळ. कोण खातंय तुला?"

त्या कसुती भरत. आमच्याकडचं हे भरतकाम: कापडाचे धागे मोजून टाका घालायचा, गाठ मारायची नाही, मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली पाहिजे. त्यांचे कागदावरचे जुने नमुने वाळवीने खाल्ले, तेव्हापासून त्या कंप्युटरवर एकेक चौकोन रंगवून मोर, हत्ती, गोपुरं काढू लागल्या. चौदा वर्षांचं सगळं काम कंप्युटरच्या त्या एका पेटीत होतं, दुसरीकडे कुठेच नाही. जवळच्या कलघटगी गावच्या दहा-बारा बायका त्यावरून साड्या भरायच्या. आता ती पेटी तापली की मध्येच बंद पडायची. दुरुस्तीवाला म्हणाला, "अक्का, ही आज जाईल नाही तर उद्या." हे त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं.

मुलाने पुण्याहून तळहाताएवढी नवी हार्ड डिस्क पाठवली. अक्कांनी जिन्याखालून हाक मारली, "यव्वा, खाली ये. तुझं इंग्लिश मीडियम आज कामाला लागू दे."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तसं सांगायलाही तोंड उघडावं लागलं असतं. मी वायरचं टोक पेटीच्या पुढच्या भोकात घालायला गेले. जाईना. उलटं करून घातलं, तरी जाईना.

"बघ," अक्का म्हणाल्या, "आमची कसुती अडाणी बायकांनी काढलेली, ती दोन्हीकडनं सारखी. आणि हे शिकलेल्यांनी केलेलं, एकाच बाजूनं जाणार. तेही जात नाही."

मी टॉर्च मारून पाहिलं. दोन्ही भोकं हळदीकुंकवाने गच्च भरली होती. दर खंडेनवमीला अक्का पेटीची पूजा करायच्या, आणि तोंड म्हणून नेमकं तिथेच बोट टेकवायच्या. मी त्यांच्याच सुईने कुंकू उकरायला बसले.

"सगळं काढू नकोस," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "जरा देवाला राहू दे."

शेवटी वायर आत गेली. डिस्कचा दिवा लागला, आतून टक टक असा आवाज आला आणि दिवा विझला. तीनदा तेच झालं. अक्कांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पिशवी उचलली. "चल, दुर्गदबैलच्या बाजारात."

तिथल्या कंप्युटरच्या दुकानात ही गर्दी. दुकानदाराने डिस्क पाहिली, पेटी किती जुनी ते विचारलं आणि हसला. "अक्का, ती पेटी म्युझियमला द्या. नवी घ्या."

अक्कांनी कानामागे हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय गं? मला ऐकू येत नाही. मोठ्यानं सांग."

मी सांगितलं.

"आणखी मोठ्यानं."

मी ओरडले, "नवी घ्या म्हणतोय!" अख्खं दुकान वळून बघायला लागलं.

"विचार त्याला, घरातल्या म्हाताऱ्याही अशाच देतो काय म्युझियमला?"

ते मी कन्नडमध्ये, शब्दाला शब्द, विचारलं. गर्दी हसली, दुकानदारही हसला. त्यानंतर काय झालं कोण जाणे, मी अक्कांकडे न बघताच म्हणाले, "अण्णा, नवी पेटी आम्हाला नकोच आहे. ही डिस्क जुन्या पेटीवर चालायला काय लागेल, तेवढं सांगा."

मग त्याने नीट सांगितलं. पुढच्या भोकांना करंट कमी मिळतो. मागच्या भोकांत लावायचं, आणि दोन शेपट्यांची वायर घ्यायची, म्हणजे दोन भोकांतून मिळून डिस्कला पुरेल. शिवाय डिस्क नव्या पद्धतीने बांधलेली होती, जुन्या विंडोजला ती वाचता येणार नव्हती. ती रिकामी आहे ना, हे दोनदा विचारून घेऊन त्याने ती जुन्या पद्धतीने बांधून दिली.

घरी आल्यावर दिवा लागला, आणि या वेळी विझला नाही. कॉपी सुरू झाली. पेटी तापून बंद पडू नये म्हणून मी तिचं झाकण काढलं आणि अक्का टेबलफॅन धरून बसल्या. तासभर त्या अधूनमधून फॅन या हातातून त्या हातात घ्यायच्या, तेवढंच.

पडद्यावर फायलींची नावं सरकत होती. इंग्रजी अक्षरांत मराठी. ज्या दिवशी जे घडलं ते त्या दिवशीच्या नमुन्याचं नाव: 'जावई रुसला'. 'नळाला पाणी नाही'. 'शांतीने उसनी साखर आणली नाही'. मी हसू दाबत वाचत होते. तेवढ्यात एक नाव गेलं: 'वरची मुकी'.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या फॅनकडे बघत म्हणाल्या, "मैना आहे ती. चोच मिटलेली. फार चांगली आली आहे."

कॉपी पूर्ण झाली, पण अक्कांचा विश्वास बसेना. डिस्क माझ्या लॅपटॉपला लावून त्यांनी एकेक नमुना उघडायला लावला, मोरांचे पिसारे मोजले, आणि मग डिस्क माझ्याच हातात ठेवली. "तुझ्याकडे असू दे. बायकांना तूच देत जा." मी नाही म्हणायला तोंड उघडलं. त्यांना ऐकू आलं नाही.

पेटी आठ दिवसांत गेली ती गेलीच. अक्का मागच्या दिवाळीनंतर गेल्या, झोपेत, हरकत घ्यायला कुणाला वेळ न देता.

कलघटगीच्या बायका आता मला फोन करतात. परवा मी धारवाडच्या बसमध्ये उभी होते, तर रेणुकाक्कांचा फोन आला. मुलीच्या लग्नाच्या साडीवर मैना भरायची होती. त्यांना आवाज येत नव्हता, म्हणून मी मोठ्याने एकेक नाव वाचून दाखवलं. पुढचे दोघं-तिघं माना वळवून ऐकायला लागले, तरी मी वाचत राहिले.

"हां, हां, तीच दे, वरची मुकी," रेणुकाक्का म्हणाल्या. "पण कोण गं ही मुकी?"

"होती कुणीतरी," मी म्हणाले, "आज पाठवते."