मामांची मिशी आणि रातकिडा

"मेला तुहा रातकिडा! बस न्हाव्यापुढं, काढ मिशी!" नागऱ्याच्या मंडईच्या जत्रेत फुलचूरचा पैलवान माझ्या मामांवर ओरडून राहिला होता. उकडलेल्या धानाचा वास आला की मला ती संध्याकाळ हटकून आठवते. पैज अशी होती, की थंडीत ज्याचा रातकिडा शेवटपर्यंत ओरडेल त्याचीच मिशी राहील. आणि थंडी तर एवढी, की तोंडातून निघालेली शिवी समोरच्याला लागण्याआधीच गोठून खाली पडे. पैलवानाचा किडा रडतखडत का होईना किरकिरत होता. आमचा मात्र वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाय वर करून पडला होता. मी म्हणालो, "मेला नाही, झोपला. तोंड धुवून आणतो!" तुंबा उचलून मी थेट मामांच्या अंगणात पळालो आणि मामीनं नुकत्याच उपसलेल्या उकड्या धानाच्या वाफाळत्या ढिगात तो गळ्यापर्यंत खुपसला. परत आणला तेव्हा आमचा गडी असा कडाडला, की तिरोड्याला इंजिनवाल्यानं शिटी समजून गाडी सोडली म्हणतात! पैलवानाचा किडा तेवढ्यात गारठून गप्प झाला. गावानं मामांना खांद्यावर घेऊन नाचवलं. आजही हे सांगताना माझी छाती फुगते. गर्दी पांगल्यावर मी ऐटीत विचारलं, "काय मामा, वाचवली न तुमची मिशी?" मामा म्हणाले, "उद्या काढूनच टाकणार होतो. लय खाजून राहिली."