मेणाचा सांधा

भात वेळून पेज दोन वाडग्यांत काढली होती, मीठ टाकलं होतं आणि पास्कूची पावलं जिन्यावर कधी वाजतात याची वाट बघत होतो. आली ती त्याची सून. दारातच थांबली. म्हणाली, "काका, पप्पा उठतच नाय." मी खाली गेलो. खुर्चीतच गेला होता, पायात चपला घालून... वर यायलाच निघाला असणार. त्याला आता महिना होऊन गेला.

पास्कू माझा घरमालक. मरोळच्या गावठाणात खाली तो आणि त्याची रोझी, वर आम्ही नवराबायको भाड्याने. तेव्हा घरामागे भातशेती होती, तिच्यात पास्कूचाही तुकडा. मी गिरणीत. आमची ही मोरीत उकिडवी बसून भांडी घासायची, तिचे गुडघे धरायचे. ते बघून पास्कूने कुठल्याशा पाडलेल्या बंगल्यातलं पांढरं सिंक खांद्यावरून आणलं आणि स्वतःच बसवलं. पण पाइप जुना, सिंकखालचा सांधा ढिला. वरची जमीन फळ्यांची, त्यामुळे आमचं पाणी थेट त्याच्या जेवणाच्या टेबलावर. गल्लीतल्या क्रूसापाशी लोक मेणबत्त्या लावतात, त्यांची थोटकं त्याने गोळा केली, वितळवली, सुतळी त्यात बुडवून सांध्याला गच्च गुंडाळली. मी म्हटलं, "देवाच्या मेणबत्त्या मोरीला रे?" तर म्हणतो, "देवाचं काम झालं, आता आपलं." सांधा धरला. वर्षानुवर्षं थेंब नाही.

आधी रोझी गेली, मग आमची ही. आम्हाला पोरबाळ नाही. गिरणीतून रिटायर झालो होतो, भात करायला शिकलो आणि रोज दुपारी खालून काठी सुरू झाली. पास्कू छताला काठी आपटायचा आणि ओरडायचा, "धोंडू, तुझी मोरी माझ्या कालवणात पडते." मग वर यायचा, पोट आत ओढून सिंकखाली आडवा व्हायचा, नवीन मेण लावायचा, मला शिव्या द्यायचा. दुसऱ्या दिवशी परत काठी. "वैनी होती तवा गळला नाय, आताच काय झाला याला?" दोघेही हैराण. एकदा तो खाली आडवा असतानाच मी भात वेळला आणि कढत पेज सिंकमध्ये सोडली. मेण पाघळलं, पेज आणि मेण दोन्ही त्याच्या मिशीवर. बाहेर आला, मिशी पुसली. मला वाटलं आता मारतो. तर हळू विचारलं, "वैनी पेजेचं काय करायची?" मला कुठलं माहीत, मी त्या वेळेला गिरणीत. मग त्यालाच आठवलं. "प्यायची. माझी रोझी आणि ती, दोघी जिन्यावर बसून प्यायच्या... विसरलोच मी."

दुसऱ्या दिवसापासून भात वेळायच्या वेळेला पास्कू वर हजर. एक वाडगा त्याचा, एक माझा. जिन्यावरच बसायचो. बोलणं फार नाही. "मीठ कमी." "मग टाक की, हात मोडलेत काय?" एवढंच. फुंकर मारायची, प्यायची. त्याने पुन्हा एकदा मेण लावलं ते शेवटचं, सांधा गळायचा थांबला. काठी कोपऱ्यात गेली, पण तो यायचा थांबला नाही.

परवा त्याचा मुलगा आला. म्हणाला, "काका, नवा पाइप बसवतो. मग कढत ओता, काय पण ओता." चांगला आहे पोरगा. मी म्हटलं, "राहू दे. गळत नाही." गळत नाहीच. पेज अजून दोन वाडग्यांत काढतो, हाताला सवय. माझी पितो. दुसरी ठेवून देतो. कढत ओतली तर सांधा गळेल, ठाऊक आहे मला... पण खालून काठी आपटणारा कोण आहे? त्या पेजेवर साय धरते, ती पार गार होते, तेव्हा सिंकमध्ये ओततो आणि वाकून सांध्याखाली हात धरतो. पास्कूचं मेण धरून आहे. हात कोरडाच राहतो.