सुमन सिस्टरविरुद्धचा माझा अर्ज

काल सुमन सिस्टर गेल्या. त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार करणारा माणूस मी आहे.

कौतुकाच्या पोस्ट बऱ्याच आल्यात. सगळ्या खऱ्या आहेत. माझी जरा वेगळी आहे, म्हणून लिहितो.

सहा वर्षांपूर्वी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, छातीत कळ आली. ब्राह्मणपुरीहून शहाद्याला नेलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आप्पा गेले.

माय बाहेर बाकावर बसली होती. मांडीवर जेवणाचा डबा.

मी आणि काका कॉरिडॉरच्या टोकाला मीटिंग भरवून उभे. ठरलं असं, की मायला सांगायचं नाही. "आप्पांना सुरतला हलवतोय, आधी घरी कपडे घ्यायला थांबू" म्हणायचं. ॲम्ब्युलन्स पुढे, माय मागच्या गाडीत. घरी बायका जमलेल्या असतील. त्या सांगतील, त्याच सांभाळतील.

आमच्याकडे असंच करतात. माणूस गेलेला असतो आणि आपण फोनवर म्हणतो, "तब्येत जास्त शे, निघी या." ऐकणाऱ्यालाही कळतं. तोही पुढे विचारत नाही.

ड्यूटीवर सुमन सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, चिंचपाड्याकडच्या.

"सिस्टर, मायला काही बोलू नका."

"मी आपणहून नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी मला विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणालो. शिक्षक आहे मी, असं बोलायला नको होतं.

सुरतचं मायला सांगून झालं. तिने सिस्टरना विचारलंच.

"बाई, सुरतले किती टाइम लागी? त्यास्नी सकायपासीन काही खादं नही."

सिस्टर तिच्या शेजारी बसल्या. मांडीवरचा डबा उचलून बाजूला ठेवला. हात हातात घेतला. घरी त्या आमच्याकडच्या आदिवासींची कोकणी बोलायच्या, पण मायशी अहिराणीतच बोलल्या.

"माय, सुरतले नही जावानं. आप्पा गयात. तीन वाजता."

काका लांबूनच ओरडले, "ओ बाई!" मी धावलो. मला वाटलं, माय आता कोसळणार.

ती कोसळली नाही. तिने विचारलं, "मंग आते त्यास्ना जोडे कोन शे?"

जोडे म्हणजे जवळ.

जवळ कोणीच नव्हतं. आम्ही सगळे बाहेर प्लॅनिंग करत होतो.

सिस्टरनी तिला आत नेलं, पडदा ओढला आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. अर्धा तास. आतून मायचा आवाज येत होता. रडण्याचा थोडा, बोलण्याचा जास्त. ती आप्पांना रागावत होती. गोळ्या वेळेवर घेत नव्हते म्हणून, ऐकत नव्हते म्हणून. "आते मी कोनवर वरडू?"

सिस्टर मध्ये बोलल्या नाहीत. "रडू नका" म्हणाल्या नाहीत. एकदा फक्त कोमट पाणी आणि नॅपकिन मागवला. आप्पांचं तोंड मायनेच पुसलं.

घरी पोचलो तर ओटा बायकांनी भरलेला. मायला गाडीतून उतरवलं ते थेट गराड्यात. बांगड्या, कुंकू, सगळं सुरू. आप्पांच्या जवळ बसायला तिला वाट मिळाली नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी तिसऱ्या दिवशी, अस्थी सावडून आल्यावर, मी अर्ज लिहिला.

"सदर परिचारिकेने नातेवाइकांच्या स्पष्ट सूचनेचे उल्लंघन करून..." असा पूर्ण पानभर. अर्ज लिहिण्यात आम्हा मास्तर लोकांचा हात कोणी धरू शकत नाही.

सिस्टरना नोटीस गेली. त्यांचं उत्तर मला दाखवण्यात आलं. दोन वाक्यं होती. "त्यांनी विचारले. मी सांगितले."

महिन्याने सुट्टीच्या दिवशी त्या एसटीने आमच्या घरी आल्या. मला वाटलं, भांडायला. मी मुद्दे तयार ठेवले. त्या सरळ मायजवळ जाऊन बसल्या, चहा घेतला, दुपारभर तिचं ऐकत राहिल्या.

निघताना मला म्हणाल्या, "तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, सर. नंतर कोणी फिरकत नाही. म्हणून मी महिन्याने येते."

अशा किती घरी जायच्या, मला माहीत नाही. अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. याची मला लाज वाटते.

काल बातमी कळल्यावर मायला दोन्ही सांगितलं. सिस्टर गेल्या ते, आणि अर्जाचं. अर्ज तिला माहीतच नव्हता.

"पोऱ्यास्ले शिकाडस ना तू?" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "गाडी काढ."

 

चिंचपाड्याला तिने मला सिस्टरच्या मुलीसमोर उभं केलं. "हाऊ मन्हा पोऱ्या. याले तुले काही सांगनं शे."

मी नाव सांगितलं.

मुलगीच म्हणाली, "अर्जवाले सर ना? आईने कॉपी जपून ठेवलीय."

मी खाली बघितलं.

"रागाने नाही हो. आम्हाला दाखवायची. म्हणायची, अक्षर बघा. बाप जाऊन तीन दिवस झालेत आणि एक काना वाकडा नाही. हा पोरगा अजून रडलेला नाही. त्याच्या आईला मी आत नेलं आणि पोराला बाहेरच ठेवलं, तेवढं माझं चुकलं."

मग मी तिथेच, त्यांच्या अंगणात, परक्या माणसांसमोर रडलो. आप्पांसाठी. पहिल्यांदाच.

सिस्टर, तुमचं काही चुकलं नव्हतं. मला आत येता आलं असतं. मी आलो नाही.

तुम्हाला मनापासून श्रद्धांजली. मायचीही.