रेखाने सोडलेला डाव

रेखा गेली. खरं सांगायला मला उशीर झाला.

रेखा माझी नणंद. काल भेस्तानला, तिच्या घरी वारली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही लिंबायतला राहायचो. आमचे हे लूमवर कामाला, आणि मंडळाच्या बुद्धिबळ टीमचे कॅप्टन. चार जणांची टीम. चौथ्या बोर्डावर मुलगीच हवी, असा नियम. म्हणून रेखा.

फायनलला तिच्यासमोर कॉलेजची मुलगी. दरवर्षी बक्षीस तिलाच.

सगळे राजापुढचं प्यादं सरकवतात. रेखाने वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं सरकवलं.

मागून कोणीतरी हसलं, "अरे, ही तर कडेनं निघाली!"

असं का खेळतेस, मी घरी विचारलं होतं.

"वहिनी, पुढला दारमा समदा उभा ऱ्हातस. मी मोरीकडथून घुसस!"

तशीच घुसली. दोन प्यादी जास्त झाली. ती मुलगी घामाघूम.

बाकी तीन बोर्ड संपले होते. दोन आम्ही जिंकलो, एक हरलो. आता ड्रॉ झाला तरी ढाल आमची.

तेवढ्यात त्या मुलीने ड्रॉ मागितला.

रेखाने कॅप्टनला विचारलं, "दादा, खेयू का?"

ह्यांनी वर बघितलं. रेखाकडे नाही. दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे.

संध्याकाळी सहाला रेखाला बघायला पाहुणे येणार होते. घर तासभर चालत. सकाळीच हे म्हणालेले, येताना रिक्षा करू. मी म्हटलं, देवाने पाय कशाला दिलेत?

मी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं.

"ड्रॉ लई ले," हे म्हणाले.

तिने हात मिळवला. आम्ही चालतच घरी आलो.

पाहुणे पावणेआठला आले.

सोयरीक तिथेच जमली. संसार चांगला झाला. पण मॅच ती पुन्हा कधी खेळली नाही.

दर भाऊबीजेला ह्यांना ओवाळताना म्हणायची, "घाबरट कॅप्टन! जिंकेल डाव सोडाले लावा माले."

सगळे हसायचे. हेसुद्धा. ह्यांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही.

मी खाली मान घालून निरांजनात तूप घालायचे.

रेखा, तुझा दादा घाबरला नव्हता गं. घाई मला होती.

आज सगळ्यांसमोर सांगते.

देव तुला आपल्या पायाशी जागा देवो.

— तुझी वहिनी