हात आत

मुलांच्या वॉर्डात मावशींना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पगारपत्रकावर त्यांचं नाव होतं, पण ते लिहिणारा कारकूनही तोंडाने ‘मावशी’च म्हणायचा. चोवीस वर्षं त्या ट्रॉली ढकलत होत्या. वॉर्डातून एक्स-रेला, एक्स-रेमधून ऑपरेशनला, तिथून परत वॉर्डात. मागून ‘मावशी’ ऐकू आलं की मान आधी वळायची आणि हाक कुणाची ते नंतर कळायचं. घरी नवरा झोपेत कुशीवर वळला तरी त्या डोळे मिटूनच ‘आले, आले’ म्हणायच्या.

या कामाचे दोन नियम त्यांनी स्वतःच घालून घेतले होते. ट्रॉली हलवण्याआधी ‘हात आत’ म्हणायचं, आणि पेशंट शुद्धीत नसेल तर त्याचा लोंबणारा हात आपण उचलून पोटावर ठेवायचा. दारांच्या चौकटी बोटांवर टपूनच बसलेल्या असतात. दुसरा नियम, वाटेतल्या लोकांना दहा पावलं आधीच ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडायचं. चोवीस वर्षांत त्यांच्या ट्रॉलीने कुणाच्या नखालाही धक्का लावला नव्हता. याचा त्यांना गर्व होता आणि नव्या मुलींना हे ऐकवल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

एका दुपारी त्या गर्वाचं घर खाली झालं. वॉर्डात मुलांच्या आयांना झोपायला जागा नव्हती. मुलाच्या खाटेखाली, नाहीतर पॅसेजमध्ये भिंतीला लागून चादर टाकायची, एवढीच सोय. तीन रात्री तापलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली एक आई त्या दुपारी पॅसेजमध्ये मेल्यासारखी झोपली होती. मावशी नेहमीप्रमाणे ओरडल्या. बाकीच्या बायका सरकल्या, हिला ऐकूच गेलं नाही. ट्रॉलीचं मागचं चाक तिच्या बोटांवरून गेलं.

ती किंचाळली नाही. हात छातीशी घेऊन उठून बसली आणि म्हणाली, “माझंच चुकलं मावशी. वाटेत झोपले मी.”

मावशींनीच तिला पट्टी करवून आणली. त्या दिवशी घरी त्यांना घास गिळवला नाही. “चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “उलट तीच माझी माफी मागत होती हो.”

पुढे दोन महिन्यांनी परदेशातल्या एका संस्थेचं पत्र आलं. वॉर्डाला लागून आयांसाठी एक खोली बांधून द्यायला ते तयार होते. आठ खाटा, एक न्हाणीघर, दाराला आतून कडी. अट एकच. त्यांच्या शहरात दरवर्षी मॅरेथॉन होते. त्यात या वॉर्डातल्याच एका माणसाने धावायचं आणि साडेसहा तासांच्या आत शेवटची रेषा ओलांडायची. ओलांडली तर खोली. तिकीट एकाचंच.

मोठे डॉक्टर म्हणाले, रजा नाही. छोटे डॉक्टर म्हणाले, गुडघा. इन्चार्ज सिस्टरनी नुसतं स्वतःकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मावशी तिथे चादरींच्या घड्या घालत होत्या.

“किती लांब आहे ते?” त्यांनी विचारलं.

“बेचाळीस किलोमीटर, मावशी.”

छोट्या डॉक्टरांनी गमतीने एकदा पावलं मोजणारं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं होतं. एका ड्यूटीत चौदा किलोमीटर भरले होते. मावशींनी मनातल्या मनात हिशेब केला. “म्हणजे तीन दिवसांची ड्यूटी एका दिवसात,” त्या म्हणाल्या. “दिवाळं निघेल पायांचं. पण होईल.”

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत, तेव्हा सिस्टरनी फॉर्म पुढे ओढला.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. त्याने बातमी ऐकून हातातला पाना खाली ठेवला. “पन्नाशी उलटल्यावर पळून जायचं सुचलं होय? मला वाटलं होतं, जायची ती लग्नाआधीच जाशील.” पण पुढचे आठ महिने रोज सकाळी पाण्याची बाटली हँडलला अडकवून सायकलवरून शेजारी शेजारी तोच होता. बायको पळताना दोन्ही हात पुढे धरते, ट्रॉलीची दांडी पकडल्यासारखे, हेही पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं.

“हात हलव की.”

“रिकाम्या हातांचं काय करायचं, कळत नाही हो.”

जन्मभर पान्यावर हात काळे केलेल्या माणसाला ते कळलं असावं. हळूहळू हात हलायला लागले. निघायच्या दिवशी विमानतळाच्या दारात तो म्हणाला, “नाही जमलं तर तशीच ये. घर आहे.” मावशींनी मान हलवली आणि वळून न बघता आत गेल्या, कारण वळल्या असत्या तर गेल्या नसत्या.

गावाबाहेर एकटीने जायची ही पहिलीच वेळ, आणि ती थेट समुद्रापार. विमान उतरलं तो विमानतळ एवढा मोठा की मावशींना वाटलं, आपण शहरात पोहोचलो आणि याला छप्पर आहे. पाट्या कळेनात, विचारायला भाषा नाही. त्या क्षणभर खांबाला टेकल्या. मग समोरून एक माणूस चाकाची खुर्ची ढकलत गेला. मावशींचा जीव भांड्यात पडला. ढकलणाऱ्याला सगळे दरवाजे ठाऊक असतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्या त्याच्या मागे लागल्या आणि लिफ्ट, पॅसेज, पासपोर्टची खिडकी असं करत थेट बाहेर पडल्या. तिथे संस्थेचा माणूस पाटी घेऊन उभा होता. पाटीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं ‘मावशी’. फॉर्मवर छातीवर छापायचं नाव विचारलं होतं, तिथे सिस्टरनी न विचारता तेच लिहून टाकलं होतं.

शर्यतीच्या सकाळी मावशी हजारो लोकांत उभ्या होत्या. कुणी ताणत होतं, कुणी उड्या मारत होतं, त्या आपल्या चादरीची घडी घातल्यासारख्या गप्प. छातीवर नंबर, त्याखाली नाव. भोंगा झाला, गर्दी सरकली, आणि पहिल्या वळणानंतर मावशींनी जे पाहिलं ते सांगताना त्या अजूनही आवाज खाली आणतात.

रस्ता मोकळा होता. सहा गाड्या शेजारी शेजारी जातील एवढा रुंद, आणि त्यावर एक गाडी नाही. चौकाचौकात पोलीस हात आडवा करून मोटारी, बसगाड्या, पाण्याचे टँकर थोपवून उभे. जन्मभर ज्या बाईने ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ म्हणून घसा कोरडा केला, तिच्यासाठी अख्खं शहर न सांगता बाजूला झालं होतं. मावशींना भरून आलं. एवढी माणसं आपल्यासाठी अडून राहिलीत, याची त्यांना थोडी भीतीसुद्धा वाटली.

आणि मग हाका सुरू झाल्या. फूटपाथवरच्या माणसांनी छातीवरचं नाव वाचलं आणि जमेल तसं ओरडायला सुरुवात केली, “माव-शी! माव-शी!”

मावशी थांबल्या. मान वळलीच होती, पाठोपाठ पायही वळले. रस्ता ओलांडून त्या ओरडणाऱ्या बाईपाशी गेल्या आणि विचारलं, “काय हवंय?” बाई हसली, टाळ्या वाजवल्या. मावशी परत पळायला लागल्या. शंभर पावलांवर दुसरी हाक, दुसऱ्या बाजूने. पुन्हा थांबल्या, पुन्हा गेल्या. वेड्यासारखं होतंय हे त्यांना कळत होतं, पण चोवीस वर्षांची मान अशी एका सकाळीत ऐकते थोडीच. अर्ध्या वाटेवर त्यांनी मागे पाहिलं तर दूरवर एक रिकामी बस हळूहळू येत होती. मागे पडलेल्यांना उचलणारी ती बस. तिच्यात बसलं की खोली गेली.

तेवढ्यात पुन्हा हाक आली. एका दुकानाच्या दारात म्हातारा खुर्चीवर बसला होता, मांडीवर पांघरूण. मावशी नाही म्हणता म्हणता गेल्याच. वाकून म्हणाल्या, “बाबा, लवकर सांगा, काय हवंय?”

म्हाताऱ्याला शब्द कळला नाही, पण वाकणं कळलं. त्याने मान हलवली. दोन्ही तळवे उघडून दाखवले, काही नको, आणि मग हाताने पुढचा रस्ता दाखवला. जा. पुन्हा त्यांचं नाव घेतलं, या वेळी हळू.

मावशी तिथेच दोन श्वास उभ्या राहिल्या. ही सगळी माणसं सकाळपासून त्यांना हाक मारत होती आणि कुणाला पाणी नको होतं, भांडं नको होतं, कुणाला कुठे न्यायचं नव्हतं. हाक मारायची आणि काहीच मागायचं नाही, असंही जगात असतं, हे बावन्नाव्या वर्षी एका अनोळखी म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं. त्यानंतर हाक आली की मावशी नुसत्या “आले, आले” म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

छत्तिसाव्या किलोमीटरला पाय संपले. दुखत नव्हते, नुसते नव्हतेच. बस आता इतकी जवळ आली होती की ड्रायव्हरची मिशी दिसत होती. हात हलवून बघितले, मांड्यांवर चापट्या मारल्या, उपयोग नाही. मग मावशींनी दोन्ही हात पुढे धरले. रिकामी ट्रॉली खडखडते, तिरकी पळते. वर माणूस असला की तीच सरळ चालते, कुणीही ढकलणारा हे सांगेल. मावशींनी मनातल्या ट्रॉलीवर पॅसेजमधल्या त्या आईला ठेवलं. गाढ झोपलेली, पट्टीतली बोटं पोटावर. हात आत. आणि जिचा धक्का कधीही कुणाला लागू द्यायचा नव्हता अशी ती ट्रॉली घेऊन त्या निघाल्या. बघणाऱ्यांना वाटलं, बाईंची पळायची तऱ्हाच तशी.

रेषा ओलांडली तेव्हा वरच्या घड्याळात सहा तास सव्वीस मिनिटं झाली होती. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. संस्थेचा माणूस धावत आला, त्याने दोन्ही हातांनी हवेत एक चौकोन काढला, त्याला दार काढलं, आणि दाराला कडी लावून दाखवली. खोली. मावशींनी मान हलवली आणि तिथेच, रस्त्याच्या मधोमध, लोकांच्या वाटेत, खाली बसल्या.

एक स्वयंसेवक मुलगी चाकाची खुर्ची घेऊन आली. मावशी नको नको म्हणाल्या. चोवीस वर्षांत त्या असल्या खुर्चीत एकदाही बसल्या नव्हत्या. पण मुलीने काखेत हात घालून अलगद बसवलं, तशा त्या बसल्या. डोळे मिटायला लागले. उजवा हात चाकापाशी लोंबत राहिला.

खुर्ची मात्र हलली नाही. मावशी वाट बघत राहिल्या. मग कळलं, मुलगी पुढे येऊन वाकली होती. तिने तो लोंबणारा हात उचलला, बोटं एकदा नीट मिटवली, आणि मांडीवर ठेवला. मगच ती मागे गेली आणि खुर्ची ढकलली.

तिथे मावशी रडल्या. मागून मुलगी कसल्याशा भाषेत पुढच्या गर्दीला ओरडून काही सांगत होती. भाषा येत नसली तरी काय सांगतेय ते मावशींना कळत होतं, आणि माणसं बाजूला होत होती.